घाट चढेल अशी गाडी

उधना, सुरत
१२ नोव्हेंबर १९९७

चि. योगराज,

भाऊबीजेची मनीऑर्डर काल मिळाली. कूपनवर दरवर्षीप्रमाणे 'सर्व क्षेम' एवढंच लिहिलं आहेस. तुला पत्र लिहायला वेळ नसतो, हे अकरा वर्षांत माझ्या लक्षात आलं आहे. पण आज विचारते आहे ते तुझ्या धंद्यातलं आहे, तेव्हा उत्तर द्यावंच लागेल.

मला मोटार घ्यायची आहे. जुनी. जूनमध्ये मुख्याध्यापकपदावरून निवृत्त झाले. सप्टेंबरात गाडी शिकले, म्हणजे पुन्हा शिकले, आणि लायसन्स काढलं. शिकवणारा मुलगा रोज म्हणायचा, "बेन, धीरे, धीरे." त्याला सांगितलं, मी अठराव्या वर्षी साक्री रोडवर बापूंची जीप चालवली आहे, तेव्हा तुझे वडीलही शाळेत असतील. त्याला ते खोटं वाटलं. तुला वाटणार नाही. तू मागे बसून रडत होतास.

आता गाडी कशी हवी ते नीट वाच. मला म्हातारीची गाडी नको. पाय दाबला की निघाली पाहिजे. कोंडाईबारीच्या घाटात मालट्रकच्या मागे कण्हत चढणारी गाडी मला चालणार नाही. पण दोन माणसांची चैनही नको. मागे तीन मोठी माणसं गुडघे पोटाशी न घेता बसली पाहिजेत, आणि दारं चार हवीत. पुढची सीट वाकवून मागे शिरायला लावणं हा माणसांचा अपमान आहे.

इथे पर्वत पाटिया भागात जुन्या गाड्यांचा एक दलाल आहे. त्याच्याकडे पांढरी काँटेसा आहे, एक मारुती थाउजंड आहे. तुझं मत कळव. बापूंचं गॅरेज तू चालवतोस, धुळ्यातल्या निम्म्या गाड्या तुझ्या हाताखालून जातात. फुकट सल्ला मागायला दुसरं कोणी नाही.

ह्यांचं म्हणणं, रिक्षा मिळते की. ते वर्तमानपत्र वाचताहेत.

तुझी
उषाताई

*

धुळे
२० नोव्हेंबर १९९७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र गॅरेजच्या पत्त्यावर आलं. हात काळे होते म्हणून उज्ज्वलाने वाचून दाखवलं. ती यंदा बारावीला आहे. 'तू मागे बसून रडत होतास' हे वाक्य तिने मोठ्याने वाचलं आणि माझे दोन्ही मेकॅनिक गाडीखालून बाहेर आले. दिवसभर काम झालं नाही.

ताई, मी रडत नव्हतो. डोळ्यांत धूळ जात होती.

आता गाडीचं. तुला पळणारी पाहिजे आणि ऐसपैस पण पाहिजे. गिऱ्हाईक असंच सांगतं आणि मग मारुती एटहंड्रेड घेऊन जातं. थाउजंड दिसायला नाजूक आहे, पण पाच माणसं भरून घाट चढताना तुझा पाय काय मागेल आणि ती काय देईल याचा भरवसा मी देत नाही. काँटेसा रुबाबदार. आत पलंग टाकता येईल. पण पंपावर तिचं आणि तुझं रोजचं येणं-जाणं होईल.

दलालाकडे जाशील तेव्हा तीन गोष्टी कर. दाराच्या चौकटीचं रबर उचकटून खालचा रंग बघ. डिकीतली सतरंजी वर करून हात फिरव, ओल लागते का. आणि गाडी थंड असताना सुरू करायला लाव, तू पोचायच्या आधी त्याने गरम करून ठेवलेली असेल तर बॉनेटवर हात ठेवला की कळतं. बाकी तो काय बोलतो ते ऐकू नकोस.

एक विचारतो. मागे कोण बसणार? अमृताचे सासरचे का? तसं असेल तर रंग जरा शांत घे. व्याही मंडळींना लाल गाडीत बसवू नये.

दाजींना नमस्कार. रुक्मिणी नमस्कार सांगते.

तुझा
योगराज

*

उधना, सुरत
३ डिसेंबर १९९७

चि. योगराज,

रविवारी पर्वत पाटियाला गेले होते. हेही आले, कारण मी एकटी गेले तर सही करून येईन अशी त्यांना भीती.

दलाल हसमुखभाई. उठून उभे राहिले, खुर्ची पुसली. "आवो बेन. आ तो राजा गाडी छे. एकही स्क्रॅच बतावो, फ्री मां लई जावो." मी काँटेसाच्या बॉनेटवर हात ठेवला. चांगलंच कोमट. म्हटलं, सकाळी फिरायला गेली होती वाटतं? ते म्हणाले, "ना रे, सूरज नो ताप छे." गाडी शेडखाली उभी होती.

मग मागच्या दाराचं रबर ओढलं. खाली लालभडक रंग. विचारलं, हे काय?

"ए तो कंपनी नो प्रायमर, बेन."

मी म्हटलं, "हसमुखभाई, मी तेहतीस वर्षं मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. खोडून वर लिहिलेलं मला कळतं."

ते हसले, तोंडावर रुमाल धरून हसले, आणि आमच्यासाठी कोकम सरबत मागवलं. माणूस वाईट नाही. गाडी कुठेतरी आपटलेली आहे एवढंच. हे तोपर्यंत मागच्या सीटवर बसून पाय लांब करून बघत होते. म्हणाले, "इथे झोप चांगली लागेल." हा त्यांचा अभिप्राय.

थाउजंड मी चालवून पाहिली. कडोदऱ्यापर्यंत गेले. एकटी असताना छान पळते. परतताना रस्त्यात शाळेतल्या तिघी शिक्षिका उभ्या दिसल्या, त्यांना मुद्दाम मागे घेतलं. पुलाच्या चढावर तिने मान टाकली. तुझं बरोबर होतं.

मागे कोण बसणार हे तू विचारलंस. माणसं बसणार. अमृताच्या सासरी दोन गाड्या आहेत, त्यांना माझी गरज नाही.

आता पुढे काय ते सांग.

उषाताई

*

धुळे
१८ डिसेंबर १९९७

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझ्यासाठी गाडी सापडली आहे. सापडली म्हणजे सहा वर्षं माझ्यासमोरच होती. इथल्या एका डॉक्टरांची प्रीमियरची वनएटीन. एक्क्याण्णवची. गर्द निळी. बाहेरून साधी चौकोनी, बघणाऱ्याला वाटेल सरकारी ऑफिसरची गाडी. पण आत जपानी इंजिन आहे. रॅली करणारी पोरं ही गाडी शोधत फिरतात. दारं चार. मागे तीन माणसं बसून वर डब्याची पिशवी पायाशी राहते. पहिल्या दिवसापासून तिचं ऑइल मी बदललेलं आहे. तिच्यात कुठे काय दुखतं ते मला ठाऊक आहे, आणि फारसं काही दुखत नाही.

डॉक्टर मुलाकडे पुण्याला चालले, म्हणून विकताहेत. मी शब्द टाकला आहे. आरटीओची एन.ओ.सी. मी इथून काढतो, तिथली नोंदणी दाजी करतील.

तुला मुद्दाम इथवर येऊन बघायची गरज नाही. माझ्या डोळ्यांवर विश्वास असला तर मीच सुरतेला आणून देतो.

उज्ज्वला विचारते, आत्या खरंच गाडी चालवते का. तिला तू आठवत नाहीस. मी म्हटलं, चालवते.

योगराज

*

उधना, सुरत
२७ डिसेंबर १९९७

चि. योगराज,

गाडी घेते. तुझ्या डोळ्यांवर विश्वास आहे.

मी तिथवर यायची गरज नाही, हे वाचलं. ठीक आहे. येत नाही. तुला सोयीचा दिवस कळव. रविवार असल्यास बरं.

उषाताई

*

धुळे
२२ जानेवारी १९९८

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

रविवारी सुखरूप पोचलो. बस नवापूरला तासभर उभी होती, बाकी त्रास नाही.

गाडी तुला आवडली, हे तू बोलली नाहीस, पण मी बघितलं. चावी हातात घेतल्यावर तू आधी चष्मा पुसलास. मग मला म्हणालीस, "मागे बस," आणि दाजींना पुढे. रिंगरोडवर तू तिसऱ्यातून चौथा टाकलास तेव्हा दाजींनी वरचा दांडा धरला आणि स्टँड येईपर्यंत सोडला नाही. ताई, हात अजून बापूंसारखा हलका आहे. फक्त क्लचवर पाय टेकवून ठेवू नकोस. ती तुझी जुनी खोड आहे.

जेवण फार छान झालं. शेवभाजी अगदी मायच्या हातची. मी लगेच निघालो त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुमची निघायची घाई दिसली, म्हणून थांबलो नाही.

बसच्या खिडकीपाशी तू उभी होतीस, तेव्हा मला काहीतरी बोलायचं होतं. कंडक्टरने घंटी मारली.

पहिलं ऑइल पंधराशे किलोमीटरला.

योगराज

*

उधना, सुरत
१५ फेब्रुवारी १९९८

चि. योगराज,

तुझं पत्र आलं तेव्हा ठरवलं होतं की उत्तर द्यायचं नाही. तीन आठवडे दिलं नाही. पण न लिहून काही उरत नाही, म्हणून लिहिते. मध्ये थांबू नकोस, पूर्ण वाच. उज्ज्वलाला वाचायला देऊ नकोस.

आमची कसली घाई होती? आम्ही कुठेही निघालो नव्हतो.

तू मला दोनदा विचारायला हवं होतंस की मागे कोण बसणार. एकदाच विचारलंस. आता सांगते. मागे तू, रुक्मिणी आणि उज्ज्वला बसणार होता. तुला त्या दिवशी मागे बसवलं ते गुडघे टेकतात का हे पाहायला. टेकले नाहीत. मी आरशात बघत होते.

लग्नानंतर तेवीस वर्षं दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू मला न्यायला आलास. पहिल्यांदा आलास तेव्हा सतरा वर्षांचा होतास, मुराळी म्हणून बापूंनी तुला नवं धोतर नेसवलं होतं आणि ते सोनगढच्या स्टँडवर सुटलं होतं. आमच्या शाळेत खानदेशातल्या गिरणी कामगारांची मुलं. आखाजी जवळ आली की वर्गातल्या मुलींच्या आया एकेक करून जायला लागायच्या. भाऊ येऊन पांडेसऱ्याच्या चाळींतून बहिणींना घेऊन जायचे. मी हजेरीपटावर रजा मांडायचे आणि घरी येऊन बॅग भरायचे. त्यात मला कमीपणा वाटला नाही. मी बी.ए. झालेली बाई, दुसऱ्या मुलींना सांगायचे की स्वतःच्या पायावर उभ्या राहा. पण माहेरी मात्र न्यायला आल्याशिवाय जायचं नाही, हे मीही पाळलं. आजही पाळते. ते बरोबर की चूक हे मला विचारू नकोस.

बापू गेले त्या वर्षी चौदाव्या दिवशी मी निघाले. बस पावणेचारची. ओसरीवर छगनकाका कागद घेऊन उभे राहिले. म्हणाले, "हक्कसोड आहे, उषा. सगळ्या लेकी करतात. सही कर म्हणजे भावाला घोर नाही." तू मागे उभा होतास, खाली बघत. मी पेन घेतलं आणि सही केली. घर तुझं, गॅरेज तुझं, त्यात मला आजही काही म्हणायचं नाही. आदल्या दिवशी तू स्वतः सांगितलं असतंस तर मी चहा पीत पीत सही केली असती. आयुष्यात न वाचता केलेली माझी ती एकच सही.

पुढच्या आखाजीला तू आला नाहीस. मी समजले. ज्या घरावर हक्क सोडला तिथे न्यायला कोण येणार?

अकरा वर्षं झाली. निवृत्त झाले त्या दिवशी मुलींनी नारळ दिला, शाल दिली. घरी येऊन बसले आणि मनात आलं, आता मला रजाही मांडावी लागणार नाही. सगळं वर्ष मोकळं आहे, आणि जायला जागा नाही. मग ठरवलं की तुम्हीच माझ्याकडे यायचं. मी गाडी घेऊन धुळ्याला येईन, दारात हॉर्न वाजवीन, तुम्हा तिघांना मागे बसवून घेऊन येईन. बाईने मुराळी होऊ नये असं कुठे लिहिलेलं नाही. पण मग तू लिहिलंस की इथवर यायची गरज नाही.

आणि तरीही, तू गाडी घेऊन येतोस म्हटल्यावर माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. मला वाटलं, गाडी हे निमित्त. भाऊ येतो आहे. मी दोन साड्या, टॉवेल, उज्ज्वलासाठी घेतलेलं कापड, सगळं बॅगेत भरून दाराशी ठेवलं. हे म्हणाले, "अगं, जानेवारीत कसली आखाजी?" मी म्हटलं, गप्प बसा.

तू आलास, हात धुतलेस, कार्ब्युरेटरबद्दल बोललास, जेवलास, घड्याळ पाहिलंस आणि म्हणालास, "ताई, स्टँडवर सोडतेस का?"

मी सोडलं.

उषाताई

*

धुळे
२५ मार्च १९९८

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

महिना उलटून गेला. चार वेळा लिहायला बसलो. गाडी उघडली की मला आत काय बिघडलं ते दिसतं, कागद उघडला की दिसत नाही.

ताई, ती बॅग मी पाहिली होती.

दारातून आत येतानाच पाहिली. निळ्या पट्ट्याची, कुलूप लावलेली. मला वाटलं, तुम्ही दोघं कुठेतरी चालला आहात, अमृताकडे वगैरे, आणि माझ्यामुळे अडकून पडला आहात. तू वाढत होतीस आणि सारखी दाराकडे बघत होतीस. मी मनात म्हटलं, हिला उशीर होतोय, तोंडाने सांगत नाही. म्हणून तिसरी भाकरी घेतली नाही. भूक होती.

हे मी रुक्मिणीला तेव्हाच सांगितलं होतं, आता तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. ती पोळपाट बाजूला सारून उठली आणि म्हणाली, "तुम्ही मानूस शेतस का दगड? बॅग दिखनी आनि इचारं बी नही?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. उज्ज्वलाला पत्र दिलेलं नाही, पण तिला सगळं माहीत आहे. या घरात भिंती पातळ आहेत.

त्या कागदाचं लिहितो. काकांनी तो आदल्या रात्री आणला. मी म्हटलं, मी ताईला सांगतो. सकाळी सांगायला तुझ्याकडे आलो, तर तू बापूंचे कपडे घड्या करून ठेवत होतीस. परत फिरलो. दुपारी पुन्हा आलो, तर तू झोपली होतीस, चौदा दिवसांत पहिल्यांदा. मग काकाच पुढे झाले आणि मी मागे उभा राहिलो. तू सही केलीस आणि पेनचं टोपण लावून मला परत दिलंस. ओरडली असतीस तर मी पुढच्या आखाजीला आलो असतो.

पहिल्या वर्षी लाज वाटली. बॅग भरून बसस्टँडपर्यंत गेलो होतो, हे कोणाला सांगितलेलं नाही. सुरतेची बस लागली, सुटली, मी चहा पिऊन घरी आलो. वाटलं, कोणत्या तोंडाने म्हणू, चल माहेरी? तू विचारशील, कुठल्या? दुसऱ्या वर्षी जास्त लाज वाटली. तिसऱ्या वर्षापासून मनीऑर्डर करायची सवय लागली.

'इथवर यायची गरज नाही' हे मी तुझा त्रास वाचावा म्हणून लिहिलं. तुला इथे यायला जड जाईल असं मला वाटलं. तू पहिल्याच पत्रात कोंडाईबारीचं नाव घातलं होतंस. नाशिकला जायचं तर सापुताऱ्यावरून जातात, मुंबईला हायवे सरळ आहे. कोंडाईबारी चढून सुरतेचं माणूस आमच्याशिवाय कोणाकडे जाणार? आयुष्यभर त्या रस्त्यावर गाड्या टेस्ट करतोय आणि मला ते दिसलं नाही.

आता ऐक. या महिन्याभरात पत्र लिहिलं नाही, पण एक काम केलं. आपलं फाटक तुला आठवत असेल. सायकल आणि मायची तुळस एवढ्याच मापाचं. मी आजवर कोणाचीही गाडी आत घेतलेली नाही, गिऱ्हाइकाची रस्त्यावर उभी राहते आणि पाहुण्यांचीही रस्त्यावरच. परवा पंडित गवंड्याला बोलावलं आणि डाव्या हाताचा खांब पाडायला सांगितला. तो म्हणाला, "योगराजभाऊ, चांगला दगडी खांब, पाडता कशाला?" मी म्हटलं, घरातल्या माणसाची गाडी रात्रभर रस्त्यावर राहू शकत नाही. त्याने रुंदी विचारली. मी न मोजता सांगितली, सव्वापाच फूट. ती गाडी माझ्या हातातली आहे. फट थोडी ठेवून तो नवा खांब उभा करतो आहे.

बापूंच्या नावाची पाटी काढून जपून ठेवली आहे. कुठे लावायची ते तू आल्यावर सांग.

आखाजी एप्रिलअखेरीस आहे. मी दोन दिवस आधी येतो, बसने. धोतर नेसणार नाही. दाजींनाही तयार ठेव. येताना तू चालव, मी मागे बसतो. एक विनंती आहे. घाटात मला बोलू नकोस, आणि मी रडलो तर धूळ समजू नकोस.

तुझा भाऊ
योगराज

*

उधना, सुरत
२ एप्रिल १९९८

चि. योगराज,

पत्र पोचलं. ह्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा कुठे ठेवला ते विसरले.

घाईने लिहिते, कारण सिमेंट वाळेल. सव्वापाच फूट ही गाडीच्या अंगाची रुंदी झाली. तू दोन्ही बाजूंचे आरसे धरले नाहीत. आज दोरी लावून मी स्वतः मोजलं, आरशांसकट पावणेसहा भरते. वर हाताभर जागा वळायला लागते, कारण मला रस्त्यावरून एका दमात आत घ्यायची आहे, पुढे-मागे करत नाही.

पंडितला सांग, खांब आणखी मागे घे. मी आरसे मिटून माहेरात शिरणार नाही.

उषाताई